हवालदाराचा बायोडेटा

मिलिटरीतून पेन्शनवर आलेला माणूस उपनगरात नोकरी शोधायला लागला की पहिला फोन सिक्युरिटी एजन्सीचा येतो. दुसराही त्यांचाच. चाळिशीचा हवालदार, घाटकोपरला किंवा मुलुंडला भावाकडे तात्पुरता उतरलेला, मुलांचे शाळेचे दाखले अजून हातातच. घरखर्च तर सुरू झालेला असतो. मग ‘सध्या हे तर हे’ म्हणत तो गेटवर उभा राहतो आणि ते ‘सध्या’ पाच-सहा वर्षं चालतं. तोवर सैन्याने त्याला जे काम शिकवलं, वर्षानुवर्षं करून घेतलं, ते हातातून सुटत जातं.

सिक्युरिटीचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. बँका, मॉल, इस्पितळं यांची सुरक्षा जाणत्या माणसाच्या हाती असायलाच हवी, आणि चांगला सुरक्षा अधिकारी होणं ही स्वतंत्र कारकीर्द आहे. पण ज्याने वीस वर्षं रणगाड्यांची इंजिनं उघडून जोडली, त्याला आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत उतरवायला बसवणं यात त्याचंही नुकसान आहे आणि कंपनीचंही. दर वर्षी देशभरात सुमारे ६० हजार सैनिक सेवेतून बाहेर पडतात आणि त्यातले बहुतेक ३५ ते ४५ वयाचे असतात. सिव्हिलमध्ये याच वयात सुपरवायझरचा मॅनेजर होत असतो. हा लेख अशा जवान, नाईक, हवालदार आणि जेसीओंसाठी आहे. त्यांच्या घरच्यांसाठीही आहे, कारण बायोडेटा पुष्कळदा मुलगा किंवा भाचाच टाइप करून देतो.

अंधेरीच्या कंपनीत तुमच्यासमोर बसलेली एचआरची मुलगी अठ्ठावीस-तीस वर्षांची असते. तिच्या घरात कोणी फौजेत नाही. सैन्य तिने सिनेमात पाहिलेलं, नाहीतर २६ जानेवारीच्या संचलनात. तुमच्याबद्दल तिला आदर असतो आणि तो खरा असतो. पण तिला जागा भरायची आहे स्टोअर इनचार्जची, आणि तुमच्या कागदावर त्या जागेशी जुळणारं तिला काही सापडत नाही. तिथे लिहिलेलं असतं प्रामाणिक, वक्तशीर, शिस्तप्रिय. हे सगळे स्वभावाचे गुण झाले. तुम्हाला काम काय येतं, ते यातून कळत नाही. काम माहीत नाही पण माणूस भरवशाचा आहे, अशाला कुठे बसवायचं, याचं तिच्याजवळ एकच उत्तर असतं, आणि ते म्हणजे गेट. यात तिची बुद्धी वाईट नसते. तिच्या हातात दिलेल्या कागदावरून तिला दुसरं काही दिसत नाही.

आदराच्या मागे काही शंकाही असतात. त्या तोंडावर कोणी बोलत नाही, पण निवड त्यांच्यावरच अडते. हुकमाशिवाय हा काही करेल का? वयाने लहान असलेल्या बॉसचं ऐकेल का? कॉम्प्युटर येतो का? ग्राहकाशी गोड बोलेल का? सहा महिन्यांनी ‘गावी शेती बघायची आहे’ म्हणून निघून तर जाणार नाही? आणि याला पेन्शन आहेच, मग कमी पगारात भागेल का? शेवटच्या दोन शंका तुम्हाला सर्वांत महाग पडतात. त्यातली एक तुम्हाला बाहेर ठेवते आणि दुसरी आत घेते, पण स्वस्तात.

उपाय बायोडेट्यापासून सुरू होतो. समजा, एक हवालदार आहे, ट्रेड स्टोअरकीपर टेक्निकल. त्याचा कागद बहुधा असा असतो: सेवा १७ वर्षं, भरती शिपाई, निवृत्ती हवालदार, चारित्र्य एक्झेम्प्लरी, मेडिकल कॅटेगरी शेप-वन, पोस्टिंग जोधपूर, तेजपूर, लेह. खाली पदकांची नावं. फौजेतल्या माणसाला यातून सगळं कळतं. अंधेरीतल्या कंपनीला काहीच कळत नाही. आता त्याच माणसाचा कागद पुन्हा लिहू. ‘वाहनांच्या सुट्या भागांच्या स्टोअरची जबाबदारी सहा वर्षं. काही हजार प्रकारच्या वस्तूंची आवक, जावक आणि शिल्लक यांची नोंद, आधी लेजरवर, नंतर कॉम्प्युटरवर. हाताखाली आठ माणसं. वार्षिक स्टॉक तपासणी आणि ऑडिटला सामोरं जाण्याचा अनुभव. थंडीत रस्ते बंद होण्याआधी सहा महिन्यांचा साठा भरून ठेवण्याच्या कामात भाग.’ आता हा माणूस भिवंडीच्या गोदामात चालेल, कुर्ल्याच्या औषध वितरकाकडे चालेल, मरोळच्या कारखान्यातही चालेल. यात खोटं काहीच नाही. आधी जे दडलेलं होतं तेवढंच वर आलं.

हे काम उपनगराला अनोळखी आहे असंही नाही. कांदिवलीला लष्कराचा सेंट्रल ऑर्डनन्स डेपो आहे, घाटकोपरला नौदलाचं मटेरियल ऑर्गनायझेशन आहे, मालाडला मार्व्याच्या रस्त्यावर आयएनएस हमला आहे, जिथे नौदलाच्या लॉजिस्टिक्स शाखेचं प्रशिक्षण होतं. साठा, पुरवठा आणि हिशेब यांची इतकी मोठी शाळा ज्या उपनगरात आहे, तिथल्याच कंपन्यांना फौजी म्हटल्यावर फक्त बंदूक आठवते, याचं मला वाईट वाटतं.

आकडे लिहा. किती माणसं, किती वाहनं, किती वर्षं, किती वस्तू. पण युनिटची नेमकी तैनाती, दारूगोळ्याचे साठे, यंत्रणांची गोपनीय माहिती यातलं काहीही कागदावर येता कामा नये आणि मुलाखतीतही बोलता कामा नये. गोपनीयतेचं बंधन वर्दी उतरली तरी सुटत नाही. कोणी खोदून विचारलंच तर ‘ते सांगता येणार नाही, माझ्या कामाचं स्वरूप सांगतो’ असं सरळ म्हणावं. समजदार मालकाला हे उत्तर आवडतं, कारण उद्या त्याचीही माहिती तुम्ही अशीच जपणार असता.

टेक्निकल ट्रेडच्या लोकांना वाट तुलनेने सोपी आहे. ईएमई या लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेचा मेकॅनिक, इंजिनिअर्सचा इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबर, नौदलाच्या इंजिनरूममधला सेलर यांच्यासाठी बोरिवली ते अंधेरी आणि मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यात टॉवर, मॉल आणि इस्पितळं उभी आहेत. तिथे डिझेल जनरेटर, पंप, लिफ्ट, सांडपाणी प्रक्रिया, आगीच्या पाइपलाइन हे सगळं चोवीस तास चालतं ठेवावं लागतं. या कामाला फॅसिलिटी मॅनेजमेंट म्हणतात आणि त्यात रात्री दोनला पंप बंद पडल्यावर न घाबरता खाली उतरणारा माणूस लागतो. इलेक्ट्रिशियनने वायरमन परवान्याचं तेवढं आधी बघावं, कारण अनुभव कितीही असला तरी परवान्याशिवाय काही कामांना हात लावता येत नाही. ड्रायव्हरने फौजेतला परवाना अंधेरी किंवा बोरिवली, ज्या हद्दीत राहतो त्या आरटीओतून नागरी परवान्यात आणून घ्यावा. ज्याने स्फोटकांची वाहनं चालवली आहेत त्याने धोकादायक माल वाहून नेण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी. माहुलच्या रिफायनरीतून निघणाऱ्या टँकरवर ती लागते. नर्सिंग असिस्टंटची गोष्ट जरा कठीण आहे. काम येतं, पण नर्स म्हणून नेमायला नर्सिंग परिषदेची नोंदणी मागतात. तेव्हा इस्पितळात अर्ज करताना नर्सच्या जागेच्या मागे न लागता रुग्णवाहिका, निर्जंतुकीकरण विभाग, ऑपरेशन थिएटरचं सहायक काम असा शोध घ्यावा. नौदलातून आलेल्यांना व्यापारी जहाजांचीही दारं खुली आहेत. नौदलातली सेवा आणि प्रशिक्षण धरून प्रमाणपत्रं देण्याची सोय डीजी शिपिंगने, म्हणजे जहाजवाहतूक महासंचालनालयाने, २०२२ मध्ये केली, आणि हे कार्यालय कांजूरमार्गलाच आहे.

खरा पेच इन्फन्ट्रीच्या जवानाचा. मराठा लाइट इन्फन्ट्री, महार रेजिमेंट, सातारा-सांगली-कोल्हापूरकडची किती घरं यात आहेत! ‘आमच्याकडे कसला ट्रेड? आम्ही फक्त लढणारे,’ असं तो स्वतःच म्हणतो आणि गेटचा रस्ता धरतो. त्याने बसून एक दिवस आठवावा. प्लाटून हवालदार सकाळी तीसेक माणसांची हजेरी घेतो. कोण आजारी, कोण रजेवर, कोणाची रात्रीची ड्यूटी झाली आहे, ते बघून दिवसाची माणसं वाटतो. नवीन पोरांना हत्यार उघडून जोडायला शिकवतो आणि जो शिकत नाही त्याच्यावर वेगळी मेहनत घेतो. कपड्यांपासून रेडिओ सेटपर्यंतच्या सामानाची मोजदाद त्याच्या सहीने होते. दोघांचं भांडण झालं तर ते वर जायच्या आत मिटवतो. कोणाला दुखापत झाली तर पहिली दहा मिनिटं त्याच्या हातात असतात. एखाद्या गोदामाचा शिफ्ट सुपरवायझर किंवा कुरिअर कंपनीचा हब इनचार्ज दिवसभर जे करतो ते याहून फार वेगळं नाही. हे सगळं बायोडेट्यात यायला हवं, एकेक ओळ करून.

इन्फन्ट्रीवाल्यांनी अग्निसुरक्षेचाही विचार जरूर करावा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आगप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. उंच इमारती वाढत आहेत, तशी या कामाच्या माणसांची मागणीही वाढते आहे. सांताक्रूझला कलिन्याच्या विद्यानगरीत राज्याची अग्निशमन प्रशिक्षण संस्था आहे आणि कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्याचा अभ्यासक्रम शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत चालतो. वयाची आणि शिक्षणाची अट मात्र फी भरण्याआधी तपासा. ‘शंभर टक्के नोकरी’ सांगणारे खासगी क्लास पेन्शनची एकरकमी रक्कम आलेल्या माणसाला बरोबर हेरतात.

आता मुलाखत. ‘तुम्ही काय काम करू शकाल?’ या प्रश्नावर फौजी नम्रपणे म्हणतो, ‘जे द्याल ते करीन, साहेब.’ फौजेत हे उत्तर उत्तम. इथे ते ऐकून समोरच्याला वाटतं की याला स्वतःचं काम ठाऊक नाही. जागा वाचून जा आणि त्या जागेचंच नाव घ्या: ‘तुमच्या गोदामाची पावसाळ्याआधीची साठवण आणि रात्रपाळीची माणसं मी सांभाळू शकेन.’ दुसरी सवय ‘आम्ही केलं’ म्हणण्याची. श्रेय पलटणीला देणं तुमच्या हाडात आहे, पण मुलाखत एकट्याची असते. पलटणीने काय केलं ते एका वाक्यात सांगा आणि लगेच ‘त्यात माझ्याकडे हे होतं’ यावर या.

लहान वयाच्या बॉसबद्दलची शंका विचारली जाण्याआधीच दूर करता येते. तुम्हाला तर अशा बॉसची सवय आहे. अकादमीतून नुकताच आलेला तेवीस वर्षांचा लेफ्टनंट आणि त्याच्या जवळपास दुप्पट वयाचा सुभेदार हे रोज एकत्र काम करतात. सुभेदार त्याला सॅल्यूट करतो, आणि तो चुकत असेल तर चारचौघांत न बोलता बाजूला नेऊन सांगतो. हे मुलाखतीत सांगा. बहुतेकांना ते माहीतच नसतं, आणि ऐकल्यावर चेहरा बदलतो. हुकमाची शंका असेल तर एखादा खरा प्रसंग ठेवा, जिथे वरून सूचना आली नव्हती आणि निर्णय तुम्ही घेतला. काय झालं होतं, तुम्ही काय केलं, शेवटी काय निष्पन्न झालं. दोन मिनिटांत संपवा. अशा तीन गोष्टी घरी मोठ्याने बोलून तयार करा, मराठीत, हिंदीत आणि जमेल तेवढ्या इंग्रजीत. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. गप्प बसणं चालत नाही.

कॉम्प्युटरला पळवाट नाही. एमएस-सीआयटीचं केंद्र जवळपास प्रत्येक स्टेशनबाहेर आहे आणि राज्य सरकारच्या पुष्कळ जागांना ते लागतंच. त्याशिवाय एक्सेल नीट शिका. स्वतःच्या जुन्या स्टोअरचा एक काल्पनिक तक्ता बनवून तो फोनमध्ये ठेवा. मुलाखतीत दाखवता आला तर बोलणं निम्म्याने कमी होतं.

पगाराच्या बाबतीत मी जरा आग्रहाने सांगतो. पेन्शन ही झालेल्या सेवेची आहे. आज जे काम कराल त्याचा दाम वेगळा. ‘तुम्हाला पेन्शन आहे ना?’ असं विचारलं तर ‘हो, आणि या कामाचा बाजारात जो पगार आहे तो मला अपेक्षित आहे’ एवढं पुरे. आकडा सांगण्याआधी त्याच जागेवरच्या दोघा-तिघांना विचारून या. जुनी पेन्शन चालू आहे म्हणून पीएफ किंवा ईएसआयसी टाळता येत नाही. तुमची एक बाजू मात्र कंपनीला दिसत नाही, ती तुम्ही दाखवा. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेमुळे तुमच्या कुटुंबाच्या उपचारांची सोय आहे, पोलीस पडताळणीला तुमच्या मागे काही नाही, आणि मुलं इथल्या शाळेत घातली असतील तर तुम्ही गावी पळणार नाही.

सिक्युरिटीचीच नोकरी घ्यायची ठरवली तर डोळे उघडे ठेवून घ्या. ड्यूटी आठ तासांची की बारा? बारा असेल तर जादा तासांचे पैसे कसे? साप्ताहिक सुट्टी भरपगारी का? पुनर्वसन महानिदेशालयाच्या, म्हणजे डीजीआरच्या योजनेतून सार्वजनिक उपक्रमांना माजी सैनिक रक्षक पुरवले जातात. तिथला दर आठ तासांवर ठरलेला असतो आणि रस्त्यावरच्या एजन्सीपेक्षा बरा असतो. राज्याचं माजी सैनिक महामंडळ, मेस्को, पुण्याहून हेच काम करतं. आधी तिथे नाव घाला.

नाव घालण्याची जागा म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा आहे, त्यामुळे राहता उपनगरात आणि नोंद अजून साताऱ्याला, असं असेल तर ती बदलून घ्या. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि शाळेचा दाखला यांवरचं नाव आणि जन्मतारीख एकच आहे का ते आधी बघा. एकावर वडिलांचं नाव मध्ये असतं, दुसऱ्यावर आडनावच गायब असतं. रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती यायला महिने लागतात, आणि नेमणुकीचं पत्र तेवढं थांबत नाही. ज्यांची सेवा संपायला वर्षभर उरलं आहे त्यांनी हे काम आणि डीजीआरचे अभ्यासक्रम या दोन्हींच्या मागे आत्ताच लागावं. आर्मीची एडब्ल्यूपीओ आणि नौदलाची प्लेसमेंट एजन्सी या संस्थांकडेही नोकरीसाठी नोंदणी होते.

सरकारी वाट थोडक्यात. केंद्राच्या खात्यांत गट क मध्ये १० टक्के आणि पूर्वीच्या गट ड मध्ये २० टक्के, बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत अनुक्रमे साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के, तर महाराष्ट्र शासनात १५ टक्के समांतर आरक्षण माजी सैनिकांना आहे. वयातून सेवेची वर्षं वजा होतात आणि वर तीन वर्षांची सूट मिळते. दहावी झालेल्या आणि १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला, पदवीची अट असलेल्या गट क च्या राखीव जागेसाठीही अर्ज करता येतो, फक्त ते पद तांत्रिक अनुभवाचं नसावं. ही शेवटची सवलत कित्येकांना माहीत नसते आणि ते जाहिरातीतला ‘पदवीधर’ हा शब्द वाचून पान उलटतात.

अग्निवीरांचं गणित निराळं आहे. २०२२ च्या अखेरीस आत गेलेली पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीपासून चार वर्षं पुरी करते. त्यातले २५ टक्के पुढे राहतील. बाकीच्यांच्या हाती सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी आणि कौशल्याचं प्रमाणपत्र असेल, पण पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. अग्निवीरांची ही अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा, जून २०२२ मध्ये, आनंद महिंद्रा यांनी आपल्या समूहात अग्निवीरांना संधी देण्याचं जाहीर केलं होतं. कोणत्या जागांवर, असं विचारल्यावर त्यांनी ऑपरेशन्स, प्रशासन, सप्लाय चेन अशी कामं सांगितली होती. कांदिवलीला ज्यांचा कारखाना आहे त्या समूहाच्या प्रमुखाचं हे जाहीर म्हणणं आहे. तेव्हा बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांनी अर्ज करताना याच कामांची नावं घ्यावीत. पैसे हातात आल्याबरोबर गाडी घेण्याआधी त्यांनी शिक्षण पुरं करावं. वय त्यांच्या बाजूने आहे.

दोन शब्द नेमणूक करणाऱ्यांसाठी. १९४५ साली महायुद्धातून सुटून आलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी सरकारने पुनर्वसन आणि रोजगार महानिदेशालय काढलं. आपली रोजगार विनिमय केंद्रं त्यातून जन्मली आणि १९४८ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. म्हणजे सैनिकाला नागरी कामाशी जोडून देणं हा या देशातला जुना, करून पाहिलेला उद्योग आहे. तुम्ही एवढंच करा. जाहिरातीत ‘पदवी आवश्यक’ लिहिण्याआधी त्या कामाला पदवी खरोखर लागते का ते बघा. ट्रेड समजला नाही तर उमेदवाराला ‘तुमचा एक दिवस सांगा’ म्हणा आणि दहा मिनिटं ऐका. कंपनीत आधीपासून कोणी माजी सैनिक असेल, मग तो गेटवर का असेना, त्याला मुलाखतीत शेजारी बसवा. समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते तो पाच मिनिटांत सांगेल.

आणि उमेदवारांनो, नोकरी ठरली की नेमणूकपत्र सही करण्याआधी पूर्ण वाचा. पगार सगळेच बघतात. पदनाम कोणी बघत नाही. काम स्टोअरचं आणि पत्रावर ‘सिक्युरिटी असिस्टंट’ असं एजन्सीच्या सोयीसाठी लिहिलेलं अनेकदा सापडतं. दोन वर्षांनी दुसरीकडे अर्ज कराल तेव्हा तिथला एचआर हेच पदनाम बघणार आहे, तेव्हा ते त्याच टेबलावर बदलून मागा. तोंडी ‘नंतर करू’ म्हणाले तर ईमेलवर लिहून घ्या.